वकिलीत समाधानी कसं राहावं : ज्युनिअर मंडळींना मोफत सल्ला

सल्ला मोफत आहे, संकोच करू नका. आपल्या धंद्यात ज्युनिअरचं सगळंच मोफत असतं.

रात्री साडेअकराला उद्याचं बोर्ड, म्हणजे उद्याच्या तारखांची यादी, लिहिताना तुमचं बोट बँकेच्या लॉ ऑफिसरच्या जाहिरातीवर रेंगाळतं का? पुण्यातल्या कंपनीत गेलेल्या वर्गमैत्रिणीचे फोटो तुम्ही जरा जास्त वेळ बघता का? घाबरू नका. वकिली सोडावीशी वाटणं हा आजार नाही, तो संस्कारांचा अभाव आहे, असं आमच्या बारमधल्या, म्हणजे वकील संघातल्या, थोरांचं मत आहे आणि त्यावर रामबाण उपाय आहेत.

सर्वात आधी पैसा आणि समाधान यांची फारकत करून टाका. परस्पर संमतीने. सहा महिने थांबायचीही गरज नाही.

म्हणजे असं बघा. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने एक परिपत्रक काढलं, की ज्युनिअर वकिलाला शहरात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं. ते व्हॉट्सॲपवर आलं त्या दिवशी आमच्या ऑफिसात आम्ही पोरांनी गुपचूप आकडेमोड करून पाहिली. साहेबांनीही, म्हणजे माझ्या सिनिअरनीही, ते वाचलं होतं. "शिफारस आहे गं. सक्ती नाही," ते म्हणाले. साहेबांनी हा फरक जितक्या बारकाईने वाचला, तितक्या बारकाईने मी लिहिलेली एकही कैफियत आजवर वाचलेली नाही. मग त्यांनी त्यांच्या साहेबांकडची स्वतःची गोष्ट सांगितली. त्यांनी म्हणे ऑफिस झाडलं होतं, साहेबांच्या मुलांना शाळेत सोडलं होतं, आणि पहिली फी मिळाली ती तिसऱ्या वर्षी. ही गोष्ट प्रत्येक सिनिअरकडे असते, फक्त शाळेचं नाव बदलतं. गोष्ट संपल्यावर पाया पडा. समाधान वाटेल.

दिवाळीला पाकीट मिळतं. ते उघडून मोजू नका, त्यानेही समाधान जातं.

काळ्या कोटाबद्दल कुरकुर नको. सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून इतर कोर्टांत उन्हाळ्यात कोट सक्तीचा नाही असा नियमच आहे. पण बिनकोटाचे उभे राहिलात तर पक्षकार तुम्हाला झेरॉक्सवाल्याकडचा पोरगा समजून मागच्या तारखेची प्रत मागेल, तेव्हा एप्रिल-मेमध्ये घालाच.

सनदेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याला, किती हजार भरले ते विसरा. 30 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यात 750 रुपये लिहिलेत, त्यावर घेता येणार नाहीत. ऐकून आनंद झाला असेल तर निकाल पुढेही वाचा : आधी घेतलेले परत करण्याची गरज नाही. आपण आधीचे.

पक्षकारावर प्रेम करा. तो तुमच्यावर करतोच, निकाल लागेपर्यंत. वाटपाच्या दाव्यात सकाळी अकरापासून पुकाऱ्याची वाट बघून, विरुद्ध बाजूच्या वकिलाशी भांडून, कोर्टातल्या नाझरकडे दोन खेपा मारून तुम्ही बाहेर आलात आणि फीचा विषय काढलात की तो निरागसपणे विचारतो, "तारीखच तर पडली ना मॅडम, तुम्ही काय केलंत?" बरोबर आहे त्याचं. तहकुबी आपोआप उगवते, पावसाळ्यात अळंबी उगवतात तशी. आणि उद्या तो फी बुडवून दुसऱ्याकडे निघाला तर फाइल अडवून धरू नका. 2000 सालीच सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद ठेवून घेण्याचा हक्क नाही. गवंडी, सुतार, मोटार गॅरेजवाला, सगळे पैसे मिळेपर्यंत वस्तू सोडत नाहीत. तुम्ही सोडा. वर हसतमुखाने ना हरकत लिहून द्या, कारण नवा वकील बारमधलाच असतो आणि दुपारी त्याच्याच शेजारी डबा खायचा असतो.

जाहिरात करायची नाही. लोकांनी तुम्हाला ओळखायचं. कसं, ते नियमात नाही.

ई-फायलिंग करा. मग त्याचीच छापील प्रत द्या. सर्व्हर झोपला असेल तर चहा प्या, चहाचे पैसे तुमचे.

महिला वकिलांनी तर विशेष समाधानी असावं. "लग्नानंतर चालू ठेवणार का?" हा प्रश्न उलटतपासणीत सुद्धा इतक्यांदा विचारू देत नाहीत. पोटगीची, घटस्फोटाची कामं आपसूक तुमच्याकडे येतात, कारण "तुला बायकांचं कळतं". जमिनीचं, बिल्डरचं, म्हणजे जिथे फी असते तिथलं, आपल्याला कळत नाही. स्वच्छतागृहाबद्दल इथे काही लिहीत नाही. वाचणाऱ्या बायकांना माहीत आहे.

वकिलाला घर भाड्याने देत नाहीत, बँक कर्ज देत नाही आणि मुलगी देत नाहीत. यातलं काहीच नसल्याने माणूस कामात लक्ष घालू शकतो.

पूरक उत्पन्न हवं असेल तर लॉ कॉलेजात शिकवा. वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायला नियमाने मुभा आहे. तासिका तत्त्वावरचं मानधन कधी जमा होतं हे विचारू नका, विद्यार्थ्यांपुढे तोंड हसरं राहत नाही. आणि त्यांना "वकिलीत या" असं सांगताना डोळ्यांत डोळे घालू नका.

आता महत्त्वाचा उपाय : जबाबदारी मिळाली की कृतज्ञ व्हा.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, 2025 च्या 18 तारखेला, कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. चार दशकांहून अधिक काळ आपल्या सहा जिल्ह्यांच्या बारने त्यासाठी मोर्चे काढले, उपोषणं केली. मीही घोषणा दिल्यात, आणि बेंच झाल्याचा मला मनापासून आनंद आहे. मुंबईच्या एका तारखेसाठी रात्रभर एसटीत बसणारा पक्षकार मी पाहिलाय. फक्त त्या दिवसापासून आमचे साहेब "बेंचला असतात". सोमवारी बेंचला असतात, मंगळवारी असतात, बुधवारी तर असतातच. इथे जिल्ह्याला त्यांच्या नावावरची वकीलपत्रं तशीच आहेत, त्यांनी घेतलेली फी तशीच आहे, आणि उभं राहायला मी आहे.

परवाचंच घ्या. साहेबांचा वाटपाचा दावा होता, माझ्या जन्माच्या आसपासचा. उलटतपासणीला विरुद्ध बाजूचा म्हातारा साक्षीदार रिक्षा करून आणलेला. साहेबांचा सकाळी फोन : "तारीख घे. बेंचला अडकलोय म्हण." मी म्हटलं, साहेब, मागच्या तारखेलाही घेतली होती, त्याच्या मागच्याही. दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलंय की सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी द्यायची नाही (हे वाचून ज्यांना हसू आलं ते आमच्या धंद्यातले). मला द्या ना उलटतपास, मी पूर्ण फाइल वाचलीय, सातबारे, फेरफार, सगळं टाचण तयार आहे. साहेब म्हणाले, "पक्षकार माझं नाव बघून आलाय." बरं. उभी राहिले. न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि सगळ्यांसमोर झापलं. मला. कोर्टाच्या रोजनाम्यात लिहिलं की वादीचे वकील तयार नाहीत. मी पूर्ण तयार होते, प्रतिवादीच्या साक्षीदाराच्या जावयाचं नावसुद्धा मला पाठ होतं. पाचशे रुपये कॉस्ट, म्हणजे तहकुबीचा दंड, बसली. पक्षकार खिशात हात घालेना, म्हणाला साहेबांना दिलेत की पैसे. भरली मी, माझ्या पर्समधून, आणि पावती साहेबांच्या फाइलला लावली. तो म्हातारा साक्षीदार पायऱ्या उतरताना माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ना.

आणि त्याच संध्याकाळी बारमध्ये साहेबांचा सत्कार. खुर्च्या आम्हीच लावल्या, पेढे मीच आणले. शाल, श्रीफळ झालं आणि साहेब बोलायला उभे राहिले. विषय काय, तर "आजच्या पिढीत चिकाटी नाही." दोन वर्षांत पोरं कंपनीत पळतात. वकिली ही नोकरी नाही, ती सेवा आहे. पैशामागे लागलात तर कायदा तुमच्याकडे पाठ फिरवेल. टाळ्या. मागच्या रांगेत आमच्या ऑफिसचा एक मुलगा साहेबांचा चार्जर आणि कोट धरून उभा होता. महिनाअखेरीस तो एका वित्त कंपनीच्या वसुली खात्यात जातोय. हुशार मुलगा, नि. 5 चा मनाईचा अर्ज असा लिहितो की वाचत राहावं. चिकाटी नाही त्याच्यात. गावाहून रोज एसटीने येतो, पासाचे पैसे वडील देतात.

तसा इतिहासही आपल्या बाजूने नाही म्हणा. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात बॅरिस्टर गांधी पहिल्या खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, तोंडातून शब्द फुटेना. खाली बसले, दुसऱ्या वकिलाकडे जा म्हणाले आणि तीस रुपये फी परत करायला सांगितलं. त्या कामासाठी दलालाला कमिशन द्यायलाही त्यांनी नकार दिला होता. आमच्या बारमध्ये असते तर चिकाटीवरच्या भाषणात त्यांचं नाव आलं असतं.

कंटाळलात तर "जज हो" म्हणणारे भेटतात. छान कल्पना आहे. 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला बसायला तीन वर्षं वकिली हवी. हेतू चांगला आहे, मला पटतोसुद्धा, कोर्टाची पायरी न चढलेला मुलगा खुर्चीत बसू नये. पण त्या तीन वर्षांचा दाखला कोण देणार? प्रमुख न्यायिक अधिकारी स्वतः, नाहीतर दहा वर्षं वकिली झालेला वकील आणि त्यावर त्या अधिकाऱ्यांची सही. म्हणजे व्यवहारात साहेब. ज्यांच्या ऑफिसातून सुटायचंय, त्यांनीच लिहून द्यायचं की ही मुलगी तीन वर्षं इथे होती. "देतो गं, काय घाई आहे, बेंचचं जरा मार्गी लागू दे." गोड बोलतात साहेब. घरच्यासारखं वागवतात, पूर्वी सुनेला वागवायचे त्या घरासारखं.

आणि सोडायचंच ठरवलं तरी तसं सोडता येत नाही हो. पूर्णवेळ पगाराची नोकरी धरली की सनद स्थगित करायचा अर्ज बार कौन्सिलला द्यायचा. म्हणजे सोडायलाही एक अर्ज, एक फी. तो तरी नीट टाइप करा, सवय आहेच.

पुढचा उपाय योगासनांचा होता. राहू दे तो.

साहेब, तुम्ही हे वाचणार नाही, तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल, बहुधा तुमचाच ज्युनिअर. तरी ऐका. पोरं कायद्याला कंटाळून जात नाहीत. कायदा आवडतो म्हणून तर फुकटात एवढी टिकतात. 1 जुलै 2024 ला नवी भारतीय न्याय संहिता आली, खुनाच्या 302 चं 103 झालं आणि 420 चं 318 झालं, तेव्हा नवी पुस्तकं स्वतःच्या पैशाने कुणी आणली? आम्ही. ती आता कुणाच्या टेबलावर आहेत? तुमच्या. पोरं जातात ती तुमच्या टेबलाला कंटाळून. सेवा, सेवा म्हणता, मग तुमची फी कुठल्या सेवाभावात बसते? पक्षकाराकडून तुम्ही प्रत्येक तारखेचे घेता आणि त्या तारखेला उभं राहणाऱ्या पोराला चहावर भागवता. जो उलटतपास तुम्ही दोन वर्षं घेतला नाही, तो तुम्ही आम्हालाही घेऊ देत नाही, मग शिकवता काय? तारीख मागायला? ते पहिल्या आठवड्यात येतं. तुम्हाला तुमच्या साहेबांनी राबवून घेतलं ही तुमच्यावर झालेली चूक होती. तुम्ही तिची परंपरा केलीत आणि आता तिच्यावर भाषण करता. आणि ज्यांच्या वडिलांचंच ऑफिस आहे, ती मुलं तेवढी टिकतात, बाकीची वसुली खात्यात. मग वीस वर्षांनी बारमध्ये तुमच्याच नातवंडांचे सत्कार होतील आणि तुम्ही म्हणाल, गावाकडची हुशार पोरं या धंद्यात येतच नाहीत.

शिफारस आहे, सक्ती नाही, हे आम्हाला वाचता येतं. तुम्हाला लाज आहे की नाही एवढंच विचारायचंय. दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम खात्यात टाका, पाकिटात नको. ज्या दिवशी स्वतः येणार नसाल त्या दिवशीचा उलटतपास तयारी केलेल्या पोराला घेऊ द्या आणि त्याची फी त्याला द्या. कॉस्ट बसली तर तुमच्या खिशातून भरा. माझे पाचशे अजून आलेले नाहीत. आणि तो तीन वर्षांचा दाखला टाइप करून तुमच्या टेबलाच्या डाव्या खणात वरच ठेवलाय, बेंचला निघायच्या आधी त्यावर सही करा.