घोडागुलींना नेमकं नाकारलं कुणी?

"तेव्हाच्या समीक्षकांना काही कळत नव्हतं, विषय संपला!" पश्याने जाहीर केलं. आमच्या कट्ट्यावर पश्याने विषय संपवला की तो खरा सुरू होतो.

विषय कोलकात्याच्या 'मोहीनेर घोडागुली'चा. १९७५ च्या आसपास गौतम चट्टोपाध्याय आणि मंडळींनी काढलेला बँड, नाव बंगाली कवी जीवनानंद दासांच्या कवितेतलं. गिटार, सॅक्सोफोन, व्हायोलिन, वर बाउलांची, म्हणजे बंगालच्या फिरत्या लोकगायकांची, सुरावट. १९७७ ते ७९ मध्ये तीन छोट्या रेकॉर्डी निघाल्या. त्यानंतर दोनेक वर्षांत बँड बंद. तेव्हा लोकांनी नाकारलं आणि पुढे 'काळाच्या पुढचा बँड' म्हणून डोक्यावर घेतलं, त्यावर हा वाद.

"कळत नव्हतं काय?" मन्या उसळला. "हेमंतकुमार, मन्ना डे ऐकून तयार झालेले कान ते. त्यांना हा कच्चा कोरस खटकला, तर लगेच बहिरे ठरवायचं?"

"अरे, शब्द बघ ना लेका! 'हाय भालोबाशी'त पिकासो आवडतो, डिलन आवडतो, रविशंकर आवडतात, अशी यादीच देतो. आणि शेवटी काय, तरी कशातच मन लागत नाही! नक्षल चळवळीत तुरुंग बघून आलेल्या माणसाच्या बँडचं गाणं आहे हे. प्रेमगीतांच्या बाजारात कोण विचारणार?"

शैला इतका वेळ शेंगा सोलत होती. "तुम्ही दोघं एकाच बँडबद्दल भांडताय का, ते आधी ठरवा. १९९५ मध्ये गौतमदांनी 'आबार बोछोर कुडी पोरे' हा अल्बम काढला. त्यात गाणारे बरेचसे नव्या पिढीतले. तुझं लाडकं 'पृथिबी' गाणं नव्वदीतलंच. लोकांनी नाकारलं ते एक, डोक्यावर घेतलं ते दुसरंच."

पश्या गप्प. इथे मी शैलाच्या बाजूचा. 'काळाच्या पुढचा बँड' हे लिहायला सोपं. जुनी रेकॉर्ड लावून कोरस कुठे घसरतो आणि व्हायोलिन कुठे सावरतं, ते सांगायला कान द्यावे लागतात. आणि 'गँगस्टर' या हिंदी सिनेमातलं 'भीगी भीगी' २००६ पासून गुणगुणणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की ती चाल 'पृथिबी'ची आहे? त्या लोकप्रियतेत बँडच्या नावाला काय मिळालं, देव जाणे.

शेवटी पश्याने फोनवर जुनं रेकॉर्डिंग लावलं. मन्याने डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

"व्हायोलिन झकास. कोरस अजूनही बेसूर."

"झालं! ह्याला आता सदर द्या कुणीतरी," पश्या म्हणाला आणि शैलाच्या शेंगांवर त्याने हात मारला.