स्टॅनफर्ड दांपत्याचे ‘विटके कपडे’: थाप कुठून कुठे पोचली!

भाचीच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे. तिने पाठ केलेली गोष्ट काल मला म्हणून दाखवली आणि माझं डोकंच फिरलं. व्हॉट्सॲपवर तुम्हालाही आली असेल: विटक्या कपड्यांतलं एक जोडपं हार्वर्डच्या अध्यक्षांकडे जातं, तिथे शिकून वारलेल्या मुलाचं स्मारक बांधू म्हणतं. अध्यक्ष त्यांना उडवून लावतात. मग ते स्वतःच स्टॅनफर्ड विद्यापीठ काढतात.

लेलँड आणि जेन स्टॅनफर्ड या जोडप्याचा हा मुलगा हार्वर्डला शिकलाच नव्हता. 1884 मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला विषमज्वराने तो गेला, तेव्हा त्याला सोळावंही पुरं झालं नव्हतं.

अपमानाचं काय? भेट झाली होती, एवढं मान्य. पण हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांची त्या भेटीची आठवण खुद्द स्टॅनफर्ड विद्यापीठानेच हे खोटं खोडताना दिली आहे. विद्यापीठ काढायला जमीन आणि इमारती सोडून किती निधी लागेल, असं जेनबाईंनी विचारलं. एलियट म्हणाले, किमान 50 लाख डॉलर. त्या गंभीर झाल्या. थोड्या वेळाने लेलँड हसून म्हणाले, जेन, एवढं जमेल की आपल्याला! यात कुणी कुणाला हाकललं?

आणि ते विटके कपडे! लेलँड स्टॅनफर्ड 1862-63 मध्ये कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर होता. त्याच काळात सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्षही. 1869 मध्ये अमेरिकेतल्या युटात पूर्व-पश्चिमेचे रूळ जुळले, तेव्हा सोन्याचा खिळा ठोकायला हाच उभा होता. अशा माणसाला गरीब, भोळा म्हातारा करून टाकलं, की त्याची रेल्वे ज्यांनी बांधली ते कुणाला आठवतच नाहीत. गव्हर्नर म्हणून पहिल्याच भाषणात त्याने चिन्यांना हलक्या वंशाचं ठरवलं, त्यांची वस्ती रोखायला हवी म्हणाला. पुढे त्याच्याच कंपनीने सिएरा नेवाडा डोंगरातले बोगदे फोडायला हजारो चिनी मजूर जुंपले, गोऱ्यांपेक्षा कमी मोबदल्यात. 1867 मध्ये त्यांनी संप केला, तर कंपनीने त्यांचं अन्नधान्य बंद केलं. पोरांना सांगायचं तर हे सांगा ना!

दुःख मात्र खरं होतं. लग्नाला सतरा वर्षं उलटल्यावर झालेला एकुलता एक मुलगा. 1891 मध्ये उघडलेलं विद्यापीठ त्याच्याच नावाचं आहे. त्याला हार्वर्डमधला खोटा अपमान कशाला चिकटवायचा?