जोखीम कुणाच्या नावावर लिहावी?

लग्ने, पुरस्कार सोहळे आणि कंपन्यांची वार्षिक संमेलने पार पाडून देण्याच्या व्यवसायात आपण नव्याने उतरला असाल, तर सर्वप्रथम एक गैरसमज दूर करावा. जोखीम कमी करणे हे आपले काम नव्हे. त्याला खर्च येतो, वेळ जातो आणि एवढे करून फोटोत काहीच दिसत नाही. जोखीम आपल्या नावावर राहू नये, एवढीच काळजी आपण घ्यायची आहे.

तशी सोय या व्यवसायाने आधीच करून ठेवलेली आहे. यजमान काम आपल्याला देतात, आपण ते मंडपवाल्याला द्यावे, मंडपवाला विजेचे काम जनरेटरवाल्याकडे सोपवतो आणि जनरेटरवाला ते गावाहून नुकत्याच आलेल्या आपल्या भाच्याच्या गळ्यात घालतो. प्रत्येक करारात ‘सर्व जबाबदारी कंत्राटदाराची राहील’ हे वाक्य न विसरता घालावे. सगळी जबाबदारी अखेर ज्याच्यापर्यंत पोहोचते, त्याच्याकडे करार नसतो. फार तर एक टेस्टर असतो. स्टेजमागून जाणाऱ्या केबलचा जोड त्याने सेलोटेप गुंडाळून भागवलेला असेल. त्यावर लाल कार्पेट नीट पसरले आहे ना, हे मात्र आपण जातीने पाहावे, कारण कार्पेटला सुरकुती दिसली की यजमान नाराज होतात.

परवानग्या अर्थातच घ्याव्यात. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ सालचा अधिनियम अस्तित्वात आहे आणि तात्पुरत्या मंडपांत आगीची खबरदारी कशी घ्यावी, याचे भारतीय मानक तर त्याहूनही जुने आहे. परंतु दाखला नकाशावर मिळतो आणि नकाशात बाहेर पडण्याची दोन दारे ठळक दाखवलेली असतात, हे ध्यानात ठेवावे. प्रत्यक्षात दुसऱ्या दाराच्या तोंडाशी फुलांची कमान, नवरानवरीच्या नावांची झगमगती अक्षरे आणि समोर रांग लावण्यासाठी मखमली दोर, असा सेल्फी पॉइंट उभारावा. तेवढी मोकळी जागा लॉनवर दुसरीकडे कुठे मिळणार? अग्निशामक नळकांडी रंगाने लाल असल्यामुळे पेस्टल सजावटीत विजोड दिसतात. ती मेकअप रूममध्ये हारांच्या टोपल्यांमागे ठेवावीत, तिथे ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत.

एखादा खवट पाहुणा हरियाणातल्या डबवालीची आठवण काढेल. २३ डिसेंबर १९९५ रोजी तिथल्या एका शाळेच्या समारंभात सिंथेटिक कापडाच्या मंडपाने पेट घेतला आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत मुलेच फार होती. अशा वेळी विषय बदलून गिरगाव चौपाटीकडे न्यावा. १४ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातल्या कार्यक्रमात लावणी चालू असताना अख्खे व्यासपीठ जळाले, तरी जीवितहानी झाली नाही. पाहा, काही होत नाही, असे म्हणून हसावे. तिथे प्रेक्षकांच्या मागे मोकळी वाळू पसरली होती आणि आपल्या लॉनला चारी बाजूंनी आठ फुटी पत्रे आहेत, हा तपशील आपण होऊन सांगण्याचे कारण नाही.

हवामानाचे खाते सर्वांत सोयीचे. करारात ‘नैसर्गिक आपत्ती’ हे कलम असले की एप्रिलमधले ऊनसुद्धा अकल्पित ठरवता येते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. व्यासपीठावर छत होते, समोर बसलेल्या लाखोंच्या डोक्यावर नव्हते आणि उष्माघाताने चौदा जणांचा जीव गेला. सावली हा मानाप्रमाणे वाटण्याचा पदार्थ आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हा व्यवसाय खुलाच आहे. अवकाळी वाऱ्याचेही तसेच. एलईडी पडदा ज्यावर टांगतात त्या धातूच्या सांगाड्याला, म्हणजे ट्रसला, आधार म्हणून पायाशी पाण्याने भरलेली पिंपे ठेवण्याची रीत आहे. टँकरचे पैसे वाचवायचे असतील तर रिकामी पिंपे ठेवून त्यांना पांढरे कापड गुंडाळावे. लांबून ती भरलेल्यांसारखीच दिसतात आणि रात्री टेम्पोत चढवायला हलकी जातात.

गर्दीचा हिशेब करू नये. पत्रिकेवर आपण ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलेले असते, तेव्हा आठशेच्या लॉनवर पंधराशे आले तर तो यजमानांचा लोकसंग्रह होय. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दीच्या नियोजनाची मार्गदर्शिका २०१४ मध्ये काढली आहे. ती कार्यालयातल्या मुलांच्या हाती लागू देऊ नये, नाही तर ती मोजायला लागतात. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम मात्र कसोशीने पाळावा. तो मोडला तर शेजारच्या सोसायटीतून पोलिसांना फोन जातो; बाकीचे नियम मोडल्याचा आवाज होत नाही.

इतके करूनही दुर्घटना घडलीच, तर दुःख व्यक्त करणारे चार ओळींचे निवेदन आधीच तयार असावे. त्यात ‘दुर्दैवी’ हा शब्द असावा, ‘टाळता येण्याजोगी’ हा नसावा. चौकशीत मंडपवाल्याचे नाव सांगावे, तो जनरेटरवाल्याचे सांगेल आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात भाच्याचा फोटो येईल.

राहता राहिले बिल. त्यात ‘सुरक्षा व्यवस्था व विमा’ अशी एक स्वतंत्र, भरभक्कम ओळ अवश्य टाकावी, कारण यजमान शेवटच्या बैठकीत सूट मागणार हे ठरलेले आहे. फुले, केटरिंग आणि ड्रोन यांच्या ओळींना हात लावू देऊ नये. मोठ्या मनाने हीच एक ओळ खोडावी. वधूचे वडील आपल्याला चहा पाजल्याशिवाय उठू देणार नाहीत.