कॉन्स्पिक्युअस म्हणजे कारस्थानी नव्हे

आमच्या साताऱ्याच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय. कॉन्स्पिक्युअस म्हणजे कारस्थानी, 'कॉन' म्हणजे ठकवणूक, 'कॉन्स्पिक्युअस बाय ॲब्सेन्स' म्हणजे गैरहजर राहून कट करणारा. वर हेही की मूळ शब्द आपला 'स्पष्ट', सातारचं राज्य खालसा केल्यावर इंग्रजांनी तो उचलून नेला. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या माझ्या भाचीने हे सगळं वहीत लाल चौकट करून उतरवलं. आता मात्र गप्प बसवत नाही.

कॉन्स्पिक्युअस म्हणजे चटकन नजरेत भरणारं. अजिंक्यतारा साताऱ्यात कॉन्स्पिक्युअस आहे. कट करणारा माणूस लपतो, म्हणजे अर्थ पार उलटा! लॅटिन 'स्पेकेरे' म्हणजे पाहणे, त्यातून हा शब्द आला, इन्स्पेक्टरही त्यातलाच. कॉन्स्पिरसी, म्हणजे कट, हा शब्द आला 'स्पिरारे' म्हणजे श्वास घेणे यातून. दोघांचा संबंध नाही. विरुद्धार्थी शब्द विचारला तर या पोरांनी काय लिहायचं?

'बाय ॲब्सेन्स'चं तर फारच झालं. इ.स. 22 मध्ये रोममध्ये जुनियाची अंत्ययात्रा निघाली. ती ब्रूटसची बहीण, कॅशियसची बायको. घराण्यांच्या पूर्वजांच्या प्रतिमा मिरवल्या, सीझरच्या या दोन मारेकऱ्यांच्या तेवढ्या नव्हत्या. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो, त्या दिसत नव्हत्या म्हणूनच ते दोघे सर्वांत जास्त झळकले. 1859 मध्ये ब्रिटिश राजकारणी लॉर्ड जॉन रसेलने हीच कल्पना इंग्रजीत आणली. ज्याची उणीव डोळ्यांत भरते, त्याच्याबद्दल हे बोलतात. कट ब्रूटस-कॅशियसने केला होता खरा, पण शब्द त्यावरून आलेला नाही.

'कॉन' म्हणजे ठकवणूक हा कॉन्फिडन्सचा अमेरिकी संक्षेप, एकोणिसाव्या शतकातला. इथला 'कॉन' लॅटिन उपसर्ग.

'स्पष्ट'चं थोडं मान्य करावं लागेल. मोनियर विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात तो 'स्पश्' म्हणजे पाहणे या धातूखाली आहे, आणि स्पश्, स्पेकेरे एकाच मुळाचे. ऋग्वेदात वरुणाचे हेरही 'स्पश्'च. पण ही चुलत भावंडं झाली, बाप-लेक नव्हे. आणि पळवून नेण्याची गोष्ट साफ खोटी. सातारा खालसा झालं 1848 मध्ये. कॉन्स्पिक्युअस इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे, ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा 1600 ची.

ज्यांनी हे पुढे पाठवलं त्यांनी त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाकावी. परीक्षा पोरांची आहे.