'पी-वन आला की प्रोब बदला': हा सल्ला माल बिघडवतो

इंदुरात कोल्ड रूमची कामं करणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत: तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर पी-वन (P1) हा एरर दिसला की प्रोब, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, गेला समजा; दहा-के (म्हणजे 25 अंशांना दहा हजार ओहम रोध) लिहिलेला कुठलाही प्रोब लावा; नवा मिळेपर्यंत टर्मिनलवर दहा-के रेझिस्टर जोडून काम चालवा; आणि आकडा जुळला नाही तर ऑफसेट द्या, म्हणजे रीडिंगमध्ये ठरावीक अंश मिळवा किंवा वजा करा. नव्या मुलांनी हे पाठ केलंय, म्हणून लिहितो आहे.

पी-वनचा अर्थ एवढाच, की रूमच्या प्रोबचं रीडिंग हद्दीबाहेर गेलं: तार तुटली किंवा शॉर्ट झाली. काही कंपन्या त्यालाच ई-वन म्हणतात. प्रोबमध्ये पाणी शिरून तो खरंच जातो, हे मान्य. पण स्क्रू ढिला असतो, उंदराने तार कुरतडलेली असते, पॅनेलखाली ती चेपलेली असते. सेटिंग रीसेट होऊन एनटीसीच्या (थंडीत रोध वाढणारा प्रोब) जागी पीटीसी (उष्णतेत रोध वाढणारा) निवडलं गेलं, तरीही हाच एरर येऊ शकतो. सप्लाय बंद करा, दोन्ही तारा सोडवा, मल्टिमीटर लावा. एनटीसी दहा-के 25 अंशांना 10,000 ओहम दाखवतो आणि थंडीत वाढत जातो. डीफ्रॉस्टचा (कॉइलवरचा बर्फ वितळवण्यासाठीचा) प्रोब त्याच जातीचा असेल तर दोघांची अदलाबदल करा. एरर प्रोबबरोबर सरकला तर दोष प्रोबचा किंवा त्याच्या तारेचा. पी-वनच राहिला तर कंट्रोलर बघा.

'कुठलाही दहा-के चालतो' हे सगळ्यात फसवं, कारण दुकानात ते खरं वाटतं. 25 अंशांना सगळे दहा-के सारखेच. पण तापमानाबरोबर रोध किती वेगाने बदलतो ते बीटा हा आकडा सांगतो: 3435 बीटाचा प्रोब शून्याला साधारण 27 हजार ओहम देतो आणि 3950 बीटाचा 32 हजारांच्या वर. 3435 साठी बनलेल्या कंट्रोलरला दुसरा प्रोब लावला, तर शून्य अंशांची खोली त्याला जवळजवळ उणे चार वाटते. तो कॉम्प्रेसर लवकर थांबवतो. आकडा 2 दिसतो आणि आतला मटार 5 अंशांवर असतो.

रेझिस्टरच्या युक्तीचं फळ मी डोळ्यांनी पाहिलंय. दसऱ्याच्या आदल्या रात्री एका काकूंच्या डेअरीत कोणीतरी दहा-के जोडून गेला. कंट्रोलरला खोली कायम 25 अंशांवर वाटत राहिली, कॉम्प्रेसर थांबलाच नाही. सकाळी श्रीखंडाचा चक्का गोठलेला. वितळल्यावर पाणी सुटलं, रवाळ झाला. त्या काकूंचं सणाचं सगळं काम गेलं. बहुतेक कंट्रोलरमध्ये प्रोब बिघडल्यावर कॉम्प्रेसर ठरावीक मिनिटं चालू, ठरावीक मिनिटं बंद ठेवायची सोय असते. ती वेळ मालाप्रमाणे लावा, एक वेगळा थर्मामीटर आत ठेवा आणि एरर दिसू द्या.

तार वाढवली की रीडिंग बिघडतं, असंही त्याच मेसेजमध्ये जाता जाता म्हटलंय. एनटीसीत शून्याजवळ एका अंशाला हजाराहून जास्त ओहमचा फरक पडतो. तांब्याच्या तारेचे दोन-चार ओहम त्यात कुठे दिसणार? दोन तारांच्या पीटी-100 (प्लॅटिनमच्या प्रोब) मध्ये मात्र एका ओहमला अडीच अंश जातात. एनटीसीत भीती लांबीची नाही, ओल्या जॉइंटची आहे. ओलीतून करंट झिरपतो, ओहम कमी दिसतात, खोली आहे त्याहून गरम भासते आणि कॉम्प्रेसर चालत राहतो. एररही येत नाही. म्हणून जॉइंट शक्यतो खोलीबाहेर काढा, नाहीतर आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा.

ऑफसेट सगळ्यात शेवटी. तो सगळीकडे सारखेच अंश मिळवतो. चुकीचा बीटा किंवा ओला जॉइंट त्याने सुधरत नाही. आधी थर्मासात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घ्या, प्रोब मध्यभागी धरून हलवत राहा; काही मिनिटांनी शून्य यायला हवं. उकळत्या पाण्यावर 100 जुळवू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं.