विहिरीचं नाव कोण ठेवतं?

नॉर्वेतल्या स्टॅव्हँगरला येऊन मला अकरा वर्षं झाली. मुंबईतल्या जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला की वाद ठरलेला: तेलक्षेत्रात परदेशी सॉफ्टवेअर अजून किती दिवस, आपलं स्वदेशी कधी येणार? मी पूर्वी हिरिरीने भांडायचो. आता तेवढा जोर राहिला नाही.

तिकडे मुंबईत एका कंपनीत (नाव नको) तेलविहिरींच्या ड्रिलिंगचे रोजचे अहवाल, लॉग (विहिरीत उपकरणं सोडून खडकांची घेतलेली मोजमापं) आणि उत्पादनाचे आकडे एकत्र जोडायचं काम माझ्याकडे होतं. तीन सिस्टिम्स, आणि एकाच विहिरीची तीन नावं. एकीत मध्ये रेघ, दुसरीत नाही, तिसरीत प्लॅटफॉर्मचं जुनंच नाव. त्याहून अवघड प्रकरण खोलीचं. ड्रिलिंगवाले रिगवरच्या रोटरी टेबलपासून (ड्रिल फिरवणाऱ्या चकतीपासून) मोजतात, भूशास्त्रज्ञांना समुद्रसपाटीपासून हवी असते. खोली नेमकी कुठून मोजली, हा रकानाच कुणी ठेवला नव्हता. जोडणीचा प्रोग्रॅम दोन आठवड्यांत झाला. पुढचे पाच महिने मी आणि निवृत्तीला आलेले लॉगिंगचे एक साहेब कागदी फायली उपसत बसलो. त्यांना आठवत होतं म्हणून निभावलं.

नॉर्वेत विहिरीला मनाला येईल ते नाव देता येत नाही. आधी ब्लॉकचा, म्हणजे समुद्राच्या आखून दिलेल्या तुकड्याचा आकडा, मग विहिरीचा. १५/९-१९ म्हटलं की सगळ्यांपुढे तीच विहीर येते. १९९५ पासून डिस्कोस हे तेलक्षेत्रातल्या माहितीचं सामाईक भांडार आहे. विहिरीची कच्ची माहिती सहसा दोन वर्षांनी खुली होते. २०१८ मध्ये इक्विनॉर या इथल्या तेल कंपनीने तर बंद केलेल्या व्होल्व्ह तेलक्षेत्राच्या सुमारे ४०,००० फायली जगासाठी मोकळ्या केल्या. म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही. एक्सेल इथेही कुणाच्या हातून सुटलेलं नाही.

भारतातही २०१७ पासून अशाच माहितीचं कोठार, नॅशनल डेटा रिपॉझिटरी, आहेच. तेव्हा कोठार नाही, ही तक्रार चालणार नाही. कोठारात धान्य निवडून भरायचं कुणी, यावर मात्र फोनवर कधी वाद होत नाही.

मित्रांची एक भीती मला पटते: विक्रेत्याच्या बंदिस्त फाइलीत आपली माहिती अडकते. पण विक्रेता स्वदेशी असला म्हणून ती कमी अडकेल का? त्यापेक्षा निविदेतच अट घाला, की करार संपताना सगळी माहिती खुल्या फॉरमॅटमध्ये, एककं आणि मोजणीच्या संदर्भासकट परत मिळाली पाहिजे.

ते लॉगिंगचे साहेब पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. आमच्या हातून राहिलेल्या विहिरींना अजून तीन-तीन नावं आहेत, असं परवा फोनवर कळलं.