"माल दाबून ठेवतात" या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मॉडेल रेल्वेच्या एका इंजिनासाठी इतकी वाट बघावी लागली, चकरा माराव्या लागल्या, त्याबद्दल सॉरी, मनापासून. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण "माल आलेला असतो, दाबून ठेवतात आणि ओळखीच्यांना देतात" असं लिहून खाली फोटो टाकलाय ना, त्यावर गप्प बसले तर वाचणाऱ्याला ते खरंच वाटेल, म्हणून लिहितेय. आणि "काउंटरवरच्या बाईंना काही माहिती नाही, मालकांशी बोलायला हवं होतं" असंही लिहिलंय तुम्ही. काउंटरवरची बाई म्हणजेच मालक. असो.

आधी तो फोटो. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला डबे जोडायचे कपलर दाखवत होते तेवढ्यात तुम्ही काउंटरच्या मागे येऊन तो काढलात, त्याबद्दल मी तेव्हाही काही बोलले नाही. आता तुमचाच फोटो जरा झूम करून बघा. एचओ स्केलचं (म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकाराचं) जीपी३८-२ डिझेल इंजिन, रंग तोच, रेल्वे कंपनी तीच, सगळं मान्य. पण खोक्याच्या टोकाला जे पांढरं लेबल आहे त्यावर रोड नंबर, म्हणजे इंजिनावर छापलेला नंबर, वेगळा आहे आणि खाली बारीक अक्षरात 'डीसीसी रेडी' लिहिलंय. डीसीसी म्हणजे इंजिन डिजिटल पद्धतीने चालवायची सोय. तुमचं बुकिंग साउंडवाल्याचं, म्हणजे आवाज काढणाऱ्याचं. रेडी म्हणजे आत डीकोडर (डिजिटल हुकूम वाचणारं सर्किट) नाही, स्पीकर नाही, नुसतं सॉकेट. दोन्हींची खोकी बाहेरून डिट्टो सारखी, फरक काय तो लेबलावरच्या मजकुरात. रेडीवाली आधीच्या कार्टनमध्ये आली, साउंडवाली नंतर, आणि त्या खोक्यावर ज्यांचं होतं त्यांच्या नावाची चिठ्ठीही चिकटवलेली फोटोत अर्धी दिसतेय. ते तुम्हाला दिलं असतं तर घरी जाऊन हॉर्नचं बटण दाबलं असतंत आणि मग वेगळाच रिव्ह्यू आला असता.

राहिलं 'ओळखीच्यांना देतात'. सर, ते ओळखीचे नाहीत, मुदतीच्या आत बुकिंग केलेले आहेत. दाबून ठेवायला मुळात माल जास्त यावा लागतो आणि तो यायचा जमाना गेला. पूर्वी अथर्न या अमेरिकन मॉडेल कंपनीची ती निळी खोकी असायची, आत बॉडी, फ्रेम, वजनाची पट्टी आणि चाकांचे ट्रक (चाकं बसवलेल्या चौकटी), स्क्रू लावला की डबा तयार, ती दुकानात छताला टेकेपर्यंत रचलेली असायची आणि संपली की डिस्ट्रिब्युटरला फोन करायचा, त्याच्या गोदामात हमखास असायची. वॉल्थर्ससारखी १९३२ पासूनची कंपनी स्वतः मॉडेलही बनवते आणि इतरांचा मालही दुकानांना पोचवते, आमच्या धंद्याची सगळी घडी अशा गोदामांवर बसलेली होती. म्हणजे माल पडून राहण्याची रिस्क गोदामवाला घ्यायचा, दुकानदार थोडी घ्यायचा आणि गिऱ्हाईक आरामात येऊन हातात घेऊन बघायचं.

आता उलटं झालंय. कंपनी आधी नुसतं चित्र जाहीर करते, ऑर्डर बंद व्हायची तारीख देते, तोवर दुकानांनी आणि डिस्ट्रिब्युटरनी जेवढी मागणी नोंदवली साधारण तेवढेच नग बनतात, आणि त्यानंतर तो रोड नंबर पुन्हा निघेल याची काही गॅरंटी नाही. बनतात बहुतेक चीनमध्ये, मोजक्या कारखान्यांत. २००८ च्या सुमारास केडरने, म्हणजे बाखमन या मॉडेल ब्रँडच्याच मालकांनी, सांडा कान ही चीनमध्ये मॉडेल बनवणारी कंपनी घेतली तेव्हा तिथे कितीतरी ब्रँडचा माल व्हायचा, त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे आपले साचे उचलून दुसरीकडे जावं लागलं. एका कारखान्यात रांग लागली की सगळ्यांच्या तारखा पुढे, त्यात चिनी नववर्षाला काम बंद, मग बोट. तारीख मी ठरवत नाही हो, मी फक्त वाचून दाखवते, आणि बोलणी मीच खाते.

आता तुमच्या बुकिंगबद्दल. हे लिहायचं नव्हतं, पण तुम्ही "सगळ्यात आधी बुक केलं होतं" असं लिहिलंय म्हणून. चित्र आलं तेव्हा मी दाखवलं, तुम्ही म्हणालात "बघू, रंग नीट येतोय का ते कळू दे". रंगवलेल्या सॅम्पलचे फोटो आले तोवर ऑर्डर बंद झालेली. तरी मी नाही म्हटलं नाही, तुमचं नाव वेटिंगला टाकलं, दुसऱ्या एका दुकानाने आपल्या वाटचा एक नग सोडला तो डिस्ट्रिब्युटरकडे पुन्हा पुन्हा फोन करून तुमच्यासाठी मागून घेतला. ॲडव्हान्सही घेतला नव्हता. हे सगळं काउंटरवरच्या बाईनेच केलं.

"कंपनीच्या साइटवर 'उपलब्ध' दाखवत होतं आणि दुकानवाले नाही म्हणत होते" हेही खरंच आहे, पण त्यात लबाडी कुठे आली? कंटेनर कंपनीच्या गोदामात उतरला की साइटवर त्याच दिवशी 'उपलब्ध' पडतं आणि थेट ऑर्डरवाल्यांची पार्सलं निघायला लागतात. आमचा माल तिथून डिस्ट्रिब्युटरकडे, तिथे बाकीच्या ऑर्डरींबरोबर एकत्र पॅक, मग आमच्याकडे. स्केलट्रेन्स ही मॉडेल कंपनी तर २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हापासून वेबसाइटवरून थेट गिऱ्हाइकाला विकतेय. अथर्न २००४ मध्ये होरायझन हॉबीने घेतली, ती स्वतःच मोठी डिस्ट्रिब्युटर. म्हणजे बनवणारा, गोदामवाला आणि दुकानदार यांच्यातल्या भिंती कधीच पडल्यात. त्यात कधी कधी उरलेले नग साइटवर सेलला लागतात, मला घाऊकात पडलेल्या भावाच्याही खाली, आणि मग गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून विचारतं की तुमचं महाग कसं. काय सांगणार!

थेट मागवा, माझी ना नाही. फक्त तुमचं इंजिन न्यायला आलात तेव्हा आपण ते टेस्ट ट्रॅकवर दोन्ही दिशांनी फिरवलं, एका बाजूचा ट्रक पॉइंटवर, म्हणजे रूळ बदलतात तिथे, उडत होता, मी चाकांचं गेज (दोन चाकांमधलं अंतर) तपासून जागेवर नीट करून दिलं, त्याचे पैसे लावले नाहीत आणि रिव्ह्यूत त्याचा उल्लेखही नाही. पार्सलवाला थांबून हे करत नाही.

बुकिंग घेताना शेवटची तारीख लेखी द्यायचं आता बघतोय, माल निघाल्याचे मेसेज पाठवायचंही काहीतरी करू. काउंटरच्या मागे मात्र कृपया कोणी येऊ नका.

आणि हो, तुम्ही त्या कव्हर्ड हॉपरच्या (वरून झाकलेल्या मालडब्यांच्या) सेटबद्दल विचारून गेला होतात, त्याची ऑर्डर या महिनाअखेरीला बंद होतेय. हवा असेल तर त्याआधी फोन करा, या वेळी "बघू" नको. फोन मीच उचलते.